बीपीच्या आकड्यापलीकडचे म्हातारपण

दीर्घ आजार म्हणजे औषधपाण्याने आटोक्यात राहणारा, पण मुळापासून न जाणारा आजार. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, दमा आणि फुफ्फुसांचे जुनाट विकार, संधिवात, लकव्यानंतर उरलेले अपंगत्व, स्मृतिभ्रंश ही त्यांतली नेहमीची नावे. साठीनंतर यांपैकी एखादा तरी मुक्कामाला येतो, आणि बऱ्याचदा दुसऱ्याला घेऊनच येतो. २०१७-१८ साली भारतात झालेल्या ‘लासी’ या राष्ट्रीय पाहणीत पंचेचाळिशी ओलांडलेल्या आणि त्यांच्या जोडीदारांपैकी ७२ हजारांहून अधिक जणांची माहिती गोळा झाली. त्यात साठीपुढच्या दर चार माणसांमागे सुमारे तिघांना कुठला ना कुठला दीर्घ आजार निघाला आणि चौथा हिस्सा लोकांना दोन किंवा त्याहून जास्त. २०११च्या जनगणनेत देशात साठीपुढचे लोक दहा कोटींवर होते. महाराष्ट्रात त्यांचे प्रमाण जवळजवळ १० टक्के, म्हणजे देशाच्या सरासरीहून अधिक होते.

रुग्णालय नावाची व्यवस्था उभी राहिली ती वेगळ्या आजारांसाठी. विषमज्वर, न्यूमोनिया, साप चावणे, अडलेले बाळंतपण अशा प्रसंगी माणूस येतो, उपचार होतात आणि तो बरा होऊन घरी जातो किंवा दगावतो. मधुमेहाचे तसे नाही. जेवणात काय शिजले, गोळी नाश्त्याआधी घेतली की विसरली, अनवाणी चालताना तळपायाला काही लागले का, ते वेळेत कुणी पाहिले का, यांवर त्या आजाराची चाल ठरते. डॉक्टरची भेट महिन्यातून एकदा आणि पाच-दहा मिनिटांची. बाकीचा सगळा काळ उपचार घरातच चालू असतो किंवा घरातच बंद पडलेला असतो. त्यामुळे गेल्या पन्नास-साठ वर्षांत जगभर एक विचार रुजत गेला : दीर्घ आजाराच्या उपचाराचा रोजचा भाग माणसाच्या दाराशी न्यावा आणि त्यासाठी गावातली, गल्लीतली, प्रसंगी तोच आजार असलेली माणसे तयार करावीत. सामुदायिक आरोग्य कार्यक्रम म्हणतात ते हेच.

अशा कार्यक्रमांनी नेमके काय साधायचे, याचे उत्तर मात्र एकच नाही. आयुष्य वाढवणे हे एक उद्दिष्ट. असलेले आयुष्य बरे जावे हे दुसरे. दुसऱ्याचे मोजमाप अवघड, पण अशक्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जगण्याची गुणवत्ता मोजण्यासाठी २६ प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली केली आहे. शरीर, मन, माणसांशी असलेले संबंध आणि भोवतालची परिस्थिती असे तिचे चार भाग आहेत. दुखण्यामुळे हवे ते करता येत नाही का, झोप कशी लागते, पैसा पुरतो का, मित्रमंडळींचा आधार मिळतो का, कुठे जायचे तर गाडीघोड्याची सोय आहे का, असे प्रश्न त्यात येतात. वृद्धांसाठीच्या जोडप्रश्नावलीत डोळे-कान चालतात का, स्वतःचे निर्णय स्वतः घेता येतात का आणि मरणाची भीती वाटते का, हेही विचारले जाते. रक्तदाब किती आणि साखर किती, असा एकही प्रश्न या दोन्हींत नाही.

इथे एक पेच आहे. वाढलेला रक्तदाब बहुतेकांना जाणवतच नाही; दुखत नाही, खुपत नाही. उलट गोळ्या जाणवतात. अ‍ॅम्लोडिपिनने काहींच्या घोट्यांना सूज येते, लघवी वाढवणाऱ्या गोळीने रात्री उठावे लागते. एसटीच्या लांबच्या प्रवासाला निघालेल्या बाईने त्या दिवसाची गोळी टाळली तर तिच्या दृष्टीने तो शहाणपणाच असतो, कारण वाटेत स्वच्छतागृह मिळेल याची खात्री तिला कुणी दिलेली नाही. म्हणजे रक्तदाबाचा उपचार आजच्या जगण्यात थोडी भरच घालतो, ती गैरसोयीची. त्याचा फायदा आहे तो न घडलेल्या गोष्टीत.

ती न घडलेली गोष्ट फार मोठी आहे. गडचिरोलीतल्या ‘सर्च’ संस्थेने एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या काळात ८६ गावांतल्या सुमारे ९४ हजार लोकवस्तीतल्या प्रत्येक मृत्यूचे कारण शोधले. साप, हिवताप, क्षयरोग अशा उत्तरांची सवय असलेल्या जिल्ह्यात पहिल्या क्रमांकाचे कारण निघाले पक्षाघात. शंभरातले चौदा मृत्यू त्याने झाले होते आणि त्यांतले बहुतेक घरीच. आदिवासी, कष्टकरी, शहरी खाण्यापिण्यापासून लांब असलेल्या माणसांना ‘श्रीमंतांचे आजार’ होत नाहीत ही समजूत त्या अभ्यासाने मोडली. आणि पक्षाघातात जो मरत नाही त्याचे काय? अर्धे अंग लुळे, वाचा गेलेली, घास भरवायला माणूस लागणार, त्यासाठी घरातल्या एकीची मजुरी बुडणार. वर सांगितलेल्या सव्वीसपैकी बहुतेक प्रश्नांची उत्तरे एका रात्रीत उलटी होतात.

वयात शंभर मिळवले की येतो तो वरचा रक्तदाब म्हातारपणी ‘बरोबरच’ असतो, असा जुना हिशेब आजही ऐकू येतो. तो चुकीचा आहे. साठीपुढच्या लोकांत फक्त वरचा आकडा वाढलेला असला तरी तो उतरवल्याने पक्षाघात ३६ टक्क्यांनी कमी होतात, हे अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत १९९१ साली दिसले. पुढे २००८ साली ऐंशी वर्षांवरच्या ३,८४५ जणांवरच्या ‘हायव्हेट’ चाचणीत उपचार घेणाऱ्यांमध्ये पक्षाघात सुमारे ३० टक्के आणि मृत्यू २१ टक्के कमी आढळले. ऐंशीनंतर कशाला गोळ्या, या प्रश्नाला तेव्हापासून ठाम उत्तर आहे. प्रश्न उरतो तो गोळी रोज पोटात जाण्याचा.

हे काम गावातल्या माणसांनी करावे ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे यांनी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या जामखेडमध्ये काम सुरू केले आणि गावागावातल्या बायकांना, ज्यांतल्या कितीजणींना लिहिता-वाचता येत नव्हते, आरोग्यसेविका म्हणून तयार केले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली काढलेल्या ‘हेल्थ बाय द पीपल’ या पुस्तकात जामखेडवर प्रकरण होते. प्राथमिक आरोग्यसेवेविषयीच्या १९७८च्या अल्माआटा जाहीरनाम्यामागे ज्या अनुभवांचे बळ होते त्यांत जामखेड येते. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच्या तीन वर्षे आधी तोच पुरस्कार मिळालेले जपानचे डॉ. तोशिकाझू वाकात्सुकी हे या गोष्टीतले दुसरे मोठे नाव. नागानो हा डोंगराळ, थंडीचा प्रांत. तिथे लोणची आणि मिसो यांतून मीठ पोटात भरपूर जाई, घरे गारठलेली असत आणि पक्षाघाताने माणसे मोठ्या संख्येने जात. वाकात्सुकींच्या साकू रुग्णालयातले डॉक्टर-नर्स गावोगाव जाऊन आरोग्यावरची नाटके करत. १९५९ साली त्यांनी याचिहो नावाच्या एका सबंध गावाची दरवर्षी तपासणी सुरू केली. जेवणातले मीठ कमी करा आणि घरातली निदान एक खोली उबदार ठेवा, असा प्रचार गावातल्याच स्वयंसेवक बायकांनी घरोघर केला. पुढे जपानमधल्या सर्वाधिक आयुर्मानाच्या प्रांतांत नागानोची गणना होऊ लागली.

जामखेडचा भर माता-बालकांवर होता. तेव्हाची गरज ती होती. वृद्धांच्या रक्तदाबाकडे भारतातल्या सरकारी व्यवस्थेचे लक्ष खऱ्या अर्थाने गेले ते बऱ्याच उशिरा. २०१०च्या सुमारास कर्करोग, मधुमेह, हृदयविकार व पक्षाघातासाठीचा आणि वृद्धांच्या आरोग्यासाठीचा असे दोन राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाले. पण प्रत्यक्ष केंद्रावर जाऊन गोळी मिळणे, तीच गोळी पुढच्या महिन्यात मिळणे आणि न आलेल्या रुग्णाची कुणी चौकशी करणे या तीन साध्या गोष्टी जुळून यायला आणखी वेळ लागला. २०१७च्या अखेरीस सुरू झालेल्या ‘भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमा’ने नेमक्या याच गोष्टी धरल्या. पंजाब, केरळ, मध्य प्रदेश, तेलंगण आणि महाराष्ट्र या पाच राज्यांतले पंचवीस जिल्हे पहिल्या टप्प्यात होते. महाराष्ट्रातले भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग.

या उपक्रमात नवे औषध नव्हते, नवे यंत्रही नव्हते. राज्यभर एकच उपचारपद्धती ठरवली गेली : आधी कुठली गोळी, किती मात्रेची, रक्तदाब उतरला नाही तर पुढची कोणती. अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन अशी मोजकी औषधे ठरल्याने खरेदी सोपी झाली आणि साठा संपण्याचे प्रकार कमी करता आले. गोळ्या आठवड्याच्या ऐवजी महिन्याच्या मिळू लागल्या. ज्याला प्राथमिक आरोग्य केंद्र लांब पडते त्याला उपकेंद्रावर. रक्तदाब मोजणे, नोंद ठेवणे, न आलेल्याला फोन करणे हे काम नर्स आणि इतर कर्मचाऱ्यांनी करायचे. नोंद मोबाइलच्या अ‍ॅपवर किंवा कागदी कार्डावर. २०१८-१९मध्ये नोंदलेल्या सुमारे २२ हजार रुग्णांच्या अभ्यासात सुरुवातीला २६ टक्क्यांचा रक्तदाब आटोक्यात होता, पाठपुराव्याच्या वेळी तो जवळपास ६० टक्क्यांचा झाला. २०२२ साली या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. साठ टक्के ऐकायला थोडे वाटतील, पण महिन्याला फुकट गोळी मिळण्याने एवढे होत असेल तर आधीची चाळीस वर्षे काय चालले होते, असा प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही.

दारापर्यंत जाण्याचा आणखी पक्का पुरावा शेजारून आला. बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंका यांच्या ग्रामीण भागांतल्या तीस वस्त्यांत २,६४५ रक्तदाबाच्या रुग्णांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘कोब्रा-बीपीएस’ या चाचणीत निम्म्या वस्त्यांमध्ये आरोग्यसेविका घरोघर जाऊन रक्तदाब मोजत, खाण्या-चालण्याविषयी बोलत आणि वाढलेला दिसला की डॉक्टरकडे पाठवत. बाकीच्या वस्त्यांत नेहमीचीच सेवा. दोन वर्षांनी पहिल्या गटाचा वरचा रक्तदाब ९ अंकांनी उतरला होता, दुसऱ्याचा सुमारे ४. एका माणसाच्या बाबतीत पाच अंकांचा फरक नगण्य असतो. सबंध तालुक्याचा रक्तदाब पाच अंकांनी उतरला तर तालुक्यातल्या कितीतरी घरांत अंथरुणाला खिळलेला माणूस नसतो.

हे सगळे कार्यक्रम औषध केंद्रस्थानी धरून चालतात. दुसरी एक परंपरा अशी की तिने माणसाच्या हातात काय आहे इथून सुरुवात केली. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग या परिचारिका-संशोधिकेने आधी संधिवाताच्या रुग्णांसाठी आणि मग सर्वच दीर्घ आजारांसाठी एक वर्ग तयार केला. सहा आठवडे, दर आठवड्याला अडीच तास, दहा-पंधरा माणसे. शिकवणारे दोघे, आणि त्यांतला निदान एक स्वतः रुग्ण. मधुमेही, दमेकरी, हृदयरोगी एकत्रच बसतात, कारण थकवा, दुखणे, झोप न लागणे आणि उदासी ही सगळ्यांची सामाईक मालमत्ता. वर्गात व्याख्यान कमी. दर आठवड्याला प्रत्येकाने एक छोटा बेत सांगायचा. ‘व्यायाम करीन’ असे मोघम चालत नाही. काय, किती, कधी आणि आठवड्यातून किती वेळा, हे सांगावे लागते : सकाळी चहाआधी, गल्लीच्या टोकापर्यंत, चार दिवस. मग शून्य ते दहामध्ये स्वतःवरचा भरवसा सांगायचा. सातच्या खाली आला तर बेत लहान करायचा. पुढच्या आठवड्यात काय जमले, काय फसले हे सगळ्यांपुढे मांडायचे. एरवी डॉक्टर रुग्णाला काय करायचे ते सांगतो. इथे रुग्णच ठरवतो आणि त्याला ठरवायची सवय लागते.

१९९९ साली ९५२ लोकांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. सहा महिन्यांनी वर्गातल्यांचा व्यायाम वाढला होता, थकवा आणि आजाराची काळजी कमी झाली होती, कामांतली अडचण घटली होती, डॉक्टरशी बोलणे सुधारले होते, रुग्णालयातले दिवसही कमी झाले होते. दुखणे आणि धाप मात्र होती तेवढीच राहिली. ही गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. दुखणे तेवढेच राहूनही दिवस बरा जाऊ शकतो, कारण माणूस दुखण्याभोवती आपला दिवस रचायला शिकतो. ब्रिटनने हीच पद्धत उचलून सरकारी सेवेत आणली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या ६२९ जणांवरच्या चाचणीत लोकांचा आत्मविश्वास आणि उत्साह वाढला, पण डॉक्टरांकडच्या फेऱ्या काही कमी झाल्या नाहीत. पैसे वाचतील म्हणून हा कार्यक्रम आणणाऱ्यांची त्यामुळे थोडी निराशा झाली. ती त्यांची अडचण. सहभागी झालेल्यांना जे हवे होते ते मिळाले होते.

मनाचा भाग गोव्यात अधिक नेटकेपणाने हाताळला गेला. तिथल्या ‘संगाथ’ संस्थेने आधी २००८ साली एका छोट्या चाचणीत स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या घरी साधे प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्या पाठवल्या. रुग्णाला हाताळायचे कसे हे त्या घरच्यांना सांगत, त्यांचे ऐकून घेत. रुग्ण बरा होणार नव्हताच, पण सांभाळणाऱ्याच्या मनावरचा ताण हलका झाला. मग ‘दिल’ नावाचा प्रयोग झाला. प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्या साठीपुढच्या, थोडी उदासी जाणवणाऱ्या पण आजारापर्यंत न पोचलेल्या १८१ जणांना त्यात घेतले. निम्म्यांकडे समुपदेशक गेले, जे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. त्यांनी चार कामे केली. आयुष्यातली एखादी नेमकी अडचण घेऊन ती टप्प्याटप्प्याने सोडवायला शिकवले, झोपेच्या सवयी बदलायला मदत केली, मधुमेहासारख्या आजारात स्वतःची काळजी कशी घ्यायची ते सांगितले आणि सरकारी योजनांचे कागदपत्र मार्गी लावायला हातभार लावला. वर्षभरात या गटातल्या ४.४ टक्के लोकांना नैराश्य आले. दुसऱ्या गटात १४.४ टक्के. २०१९ साली आलेल्या या निष्कर्षांत पेन्शनचा अर्ज आणि झोप यांना औषधाइतकाच मान आहे. वृद्धांशी ज्यांनी दोन घटका बोलून पाहिले आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही.

सोबतीचा स्वतंत्र परिणाम किती, हे शोधणे सर्वांत कठीण. जो वृद्ध रोज कट्ट्यावर जातो तो ठणठणीत असतो. पण कट्ट्यावर जातो म्हणून ठणठणीत, की ठणठणीत आहे म्हणून कट्ट्यावर? जपानमधल्या आइची प्रांतातल्या ताकेतोयो गावात २००७ पासून वृद्धांसाठी चालत जाता येईल अशा अंतरावर बैठकीच्या जागा काढल्या गेल्या. गाणी, खेळ, हस्तकला, थोडा व्यायाम, चहा असा कार्यक्रम. चालवणारे स्वयंसेवकही बरेचसे वृद्धच. संशोधकांनी वरच्या प्रश्नावर युक्ती काढली. घर अशा जागेच्या जवळ असणे किंवा लांब असणे हे माणसाच्या तब्येतीवर ठरत नाही, आणि जवळचे लोक जास्त जातात. म्हणून त्यांनी अंतराचा आधार घेऊन हिशेब मांडला. पाचेक वर्षांत, या बैठकांना जाणाऱ्यांमध्ये दुसऱ्याच्या मदतीवाचून न चालण्याची वेळ येण्याचे प्रमाण न जाणाऱ्यांपेक्षा शेकडा सहा अंकांनी कमी होते. सोबतीला औषधाचे मोल असते हे सिद्ध करण्याच्या याहून प्रामाणिक वाटा थोड्याच आहेत.

महाराष्ट्रात अशा जागा सरकारने काढण्याआधीच होत्या. ज्येष्ठ नागरिक संघ, त्यांचा राज्यभरचा ‘फेस्कॉम’ हा महासंघ, नगरपालिकांची विरंगुळा केंद्रे, बागांतले हास्यक्लब, ज्यांतला पहिला १९९५ साली मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी सुरू केला. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्ण आणि घरच्यांना एकत्र आणते. या सगळ्यांची एक मर्यादा उघड दिसते. इथे येणारे बहुधा शहरातले, निवृत्तिवेतनवाले आणि पायांनी येऊ शकणारे असतात. शेतमजुरी करून थकलेली, नवरा गेलेली, गुडघ्यांमुळे ओट्यावरच बसून राहणारी बाई संघाची सभासद नसते. तिची माणसे भेटतात ती भजनी मंडळात, सप्ताहात किंवा बचत गटाच्या बैठकीत. आरोग्याच्या कार्यक्रमांनी त्या जागा अजून फारशा ओळखलेल्या नाहीत, आणि ही मोठीच चूक आहे. कारण तिथे माणसे बोलावून आणावी लागत नाहीत.

जो घराबाहेर येऊच शकत नाही त्याच्यासाठी केरळने वाट काढली. १९९३ साली कोळिकोडमध्ये सुरू झालेल्या वेदनाशामक उपचारांच्या कामातून २०००च्या आसपास मलप्पुरम जिल्ह्यात शेजाऱ्यांचे जाळे उभे राहिले. गावातले शिक्षक, दुकानदार, रिक्षावाले, विद्यार्थी थोडे प्रशिक्षण घेऊन नर्ससोबत अंथरुणावरच्या रुग्णाच्या घरी जातात. जखम धुणे, लघवीची नळी बदलणे हे नर्सचे काम. तांदूळ आहे का, मुलांची वह्या-पुस्तके झाली का, गाऱ्हाणे ऐकायला कुणी आहे का, हे बाकीच्यांचे. खर्च लोकांच्या लहान लहान देणग्यांतून. २००८ साली राज्याने यासाठी धोरण केले आणि पंचायतींवर घरपोच सेवेची जबाबदारी टाकली. सुरुवात कर्करोगाच्या रुग्णांपासून झाली असली तरी आता लकवा, मूत्रपिंडाचे विकार आणि निव्वळ म्हातारपणाने खिळलेली माणसे त्यात मोठ्या संख्येने येतात. मजबूत पंचायती आणि जागरूक शेजार हे केरळचे भांडवल. योजना उचलून आणता येते, भांडवल नाही.

महाराष्ट्रातल्या गावात आज हे काम येऊन पोचते आशाताईपाशी. तिशीपुढच्या प्रत्येकाचा ‘सीबॅक’ फॉर्म ती भरते : वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, कष्टाची सवय, आईवडिलांना असलेले आजार. गुण चारच्या वर गेले की त्या माणसाची तपासणी आधी. उपकेंद्राचे आता आयुष्मान आरोग्य मंदिर झाले आहे आणि तिथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे बीपी-शुगर पाहून गोळ्या देण्याची सोय आहे. याच फॉर्ममध्ये साठीपुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत. उभे राहताना तोल जातो का, हालचालीला अटकाव करणारे अपंगत्व आहे का, रोजच्या कामांना दुसऱ्याची मदत लागते का, जवळच्यांची नावे किंवा घरचा पत्ता विसरायला होतो का. प्रश्न उत्तम आहेत. उत्तर ‘हो’ आले तर पुढे काय, याची वाट मात्र रक्तदाबाच्या वाटेइतकी मळलेली नाही. रक्तदाबाला गोळी आहे, रजिस्टर आहे, महिन्याचा अहवाल आहे. तोल जाण्याला लागतो व्यायाम शिकवणारा माणूस, आणि तो तालुक्याच्या गावीही सहसा नसतो. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाने घरीच करण्याचे पायांच्या ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम बसवले. त्यांनी वृद्धांचे पडणे सुमारे एकतृतीयांशाने कमी होते. त्याला घोट्याला बांधायची वजने आणि शिकवणारी नर्स किंवा फिजिओथेरपिस्ट एवढेच लागते.

आकड्यांमागे लागण्याचा उलटा धोकाही आहे. अनेक आजार असलेल्या, अशक्त वृद्धाची साखर फार खाली ओढली तर ती अचानक उतरून चक्कर येते, माणूस पडतो, खुब्याचे हाड मोडते. अमेरिकन डायबेटिस असोसिएशननेही धडधाकट ज्येष्ठांसाठी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची (एचबीए१सी) मर्यादा सात-साडेसात टक्क्यांच्या आसपास ठेवली, तर गुंतागुंतीच्या आजारांत आठच्या खाली पुरे म्हटले. तीन डॉक्टरांच्या तीन चिठ्ठ्यांवरच्या गोळ्या एकत्र करून नकोशा कमी करणे हा वृद्धांच्या उपचारातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय. २०२४ साली सत्तरीपुढच्या सर्वांना पाच लाखांपर्यंतचे आरोग्यकवच मिळाले, पण ते रुग्णालयात भरती झाल्यावरचे. रोजची गोळी, चष्मा, श्रवणयंत्र आणि गुडघ्याचा व्यायाम त्याच्या बाहेर राहतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ पासून वृद्धांच्या सेवेसाठी आजारांऐवजी क्षमता मोजायला सांगितले आहे. स्मरण, चालणे, पोषण, दृष्टी, श्रवण आणि मनःस्थिती अशा सहा गोष्टी. त्यांच्या चाचण्या आशाताईला सहज जमतील अशा आहेत : तीन शब्द सांगून थोड्या वेळाने विचारायचे, हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठायला चौदा सेकंदांपेक्षा जास्त लागतात का ते पाहायचे, गेल्या तीन महिन्यांत तीन किलोंहून अधिक वजन उतरले का ते विचारायचे, मागून कुजबुजून ऐकू येते का ते तपासायचे. एका माणसामागे याला वेळ लागतो, आणि वृद्ध माणूस प्रश्नाचे उत्तर सरळ देत नाही. आधी मुलाचे सांगतो, मग जमिनीचे, मग कंबरेचे. आशाताईच्या मानधनाचा एक भाग मात्र कामागणिक मिळतो : भरलेला फॉर्म, करवून आणलेले बाळंतपण, पूर्ण झालेले लसीकरण. ओट्यावर बसून ऐकलेल्या अर्ध्या तासाला त्या यादीत रकाना नाही. जामखेडच्या सेविकांना, नागानोच्या स्वयंसेविकांना आणि गोव्याच्या समुपदेशकांना नेमके त्याच अर्ध्या तासाचे शिक्षण दिले गेले होते.